कॉन्व्हॉयमधलं बुडालेलं मालवाहू जहाज शोधून काढायचं कसं

दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीने बुडवलेल्या एखाद्या मालवाहू जहाजाची माहिती काढायची म्हटलं की बहुतेक जण काय करतात, सर्चमध्ये नाव टाकतात, पहिलं जे काही वर येतं ते उचलतात, तारीख, पाणबुडीचा नंबर, मेलेल्यांचा आकडा, झालं काम. मग कधीतरी दुसरीकडे बघतात तर तारीख एक दिवसाने वेगळी, आकडा दोनाने वेगळा, आणि जहाज कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यात, होतं का एकटं होतं यावरच एकमत नाही. इथे बरेच जण सोडून देतात. माझंही पहिल्या वेळी तसंच होणार होतं, पण एक गोष्ट लक्षात आली की हे आकडे सहसा उगाच चुकलेले नसतात, प्रत्येक आकडा कोणीतरी कुठेतरी बसून लिहिलेला असतो आणि त्याला तिथून जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलं. म्हणजे आपलं काम काय तर कोणी लिहिलं, कुठून लिहिलं आणि कुठलं घड्याळ बघून लिहिलं हे शोधायचं. एवढं कळलं की अर्धा गोंधळ आपोआप सुटतो.

नुसतं असं सांगून कळत नाही म्हणून एकच जहाज धरून सांगतो. एसएस गैरसोप्पा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात शरावती नदीवरचा गिरसप्पा धबधबा वाचला असेल ना, तेच नाव. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन नावाची कंपनी होती, तिच्या जहाजांना हिंदुस्थानातल्या आणि पूर्वेकडच्या जागांची नावं द्यायची पद्धत होती आणि शेवटी 'आ' येईल अशी नावं त्यांना फार आवडायची. १९४० च्या डिसेंबरात हे जहाज कलकत्त्याहून निघालं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला अटलांटिकमध्ये बुडालं. ८६ माणसं होती, वाचला एक.

आधी जहाज नक्की करा

हे ऐकायला बालिश वाटतं पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकाच नावाची दोन-दोन तीन-तीन जहाजं असायची, कधी वेगळ्या देशांची, कधी त्याच कंपनीची, कारण जुनं मोडीत काढलं की तेच नाव नव्याला द्यायचे. उलटही होतं, एकच जहाज तीन मालकांकडे फिरलं की तीन नावं. गैरसोप्पाचंच घ्या, १९१९ मध्ये इंग्लंडात जॅरोच्या पामर्स यार्डात बांधलेलं, आणि बांधायला घेतलं तेव्हा नाव होतं वॉर रोबक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने एकाच साच्यातली भरपूर जहाजं मागवली होती, त्या सगळ्यांची नावं वॉर अमुक, वॉर तमुक. युद्ध संपलं तसं ही जहाजं कंपन्यांना विकली गेली आणि नावं बदलली. म्हणून जुन्या यार्डच्या यादीत गैरसोप्पा शोधलंत आणि मिळालं नाही तर घाबरू नका.

ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला एक ऑफिशियल नंबर असतो, नाव बदललं मालक बदलला तरी तो तोच राहतो. आधी तो नंबर मिळवा आणि कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लॉइड्स रजिस्टर नावाचं जाडजूड वार्षिक असतं त्यात तो मिळतो, युद्धकाळातले खंड स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत, जहाजाची लांबी, इंजिन, यार्ड, मालक सगळं एका ओळीत. लंडनच्या कागदपत्रांत पुढे खलाशांच्या याद्या याच नंबरावर लावलेल्या असतात, नावावर नाही, त्यामुळे हा नंबर नसेल तर पुढे अडकाल.

स्पेलिंगचंही बघा. गिरसप्प्याचं इंग्रजी स्पेलिंग नकाशात एक, जहाजावर वेगळं. हिंदुस्थानी नावाचं जहाज असेल तर जरा डोकं साहेबासारखं चालवायचं, म्हणजे त्याला ते नाव कसं ऐकू आलं असेल तसं स्पेलिंग करून बघायचं.

टन म्हणजे वजन नव्हे

छोटा मुद्दा आहे पण सांगून टाकतो. गैरसोप्पा ५,२३७ टनाचं होतं असं सगळीकडे दिसेल, आणि त्यात माल होता साधारण ७,००० टन. मग पहिल्यांदा वाचणारा म्हणतो जहाजापेक्षा माल जड कसा, काहीतरी चूक आहे. चूक नाही. जहाजाचा जो ग्रॉस टन असतो ते वजन नाही, ती आतली जागा आहे, १०० घनफूट म्हणजे एक टन. मालाचा टन मात्र खराखुरा वजनाचा. पाणबुडीचे कॅप्टन जे बुडवलेले टन मोजायचे ते पण हे ग्रॉस टन, आणि रात्री अंधारात काळी आकृती बघून अंदाज बांधायचा असल्यामुळे तो बऱ्याचदा फुगलेला असायचा. म्हणून त्यांचा आकडा रजिस्टरशी जुळला नाही तर लगेच दुसरंच जहाज असेल असं समजू नका.

कॉन्व्हॉयचं नाव वाचायला शिका

कॉन्व्हॉयच्या नावात अक्षरं आणि नंबर असतात आणि अक्षरांत प्रवासाची दिशा दडलेली असते. एचएक्स म्हणजे कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून ब्रिटनकडे, १९४२ च्या सप्टेंबरपासून तेच न्यूयॉर्कहून सुटायला लागले पण अक्षरं बदलली नाहीत. एससी म्हणजे त्याच वाटेवरचे सावकाश जाणारे, सुरुवातीला केप ब्रेटनच्या सिडनीहून, ऑस्ट्रेलियातलं सिडनी नव्हे, ही गल्लत मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून झालेली पाहिली आहे. एचजी जिब्राल्टरहून घरी, म्हणजे ब्रिटनकडे. पीक्यू आइसलँडकडून रशियाला, क्यूपी तिकडून परत. आणि एसएल म्हणजे सिएरा लिओन, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनहून ब्रिटनकडे. हिंदुस्थानातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारी जहाजं फ्रीटाउनला थांबून या एसएलमध्ये सामील व्हायची. गैरसोप्पा एसएल ६४ मध्ये होतं, ३० जानेवारी १९४१ ला फ्रीटाउनहून निघालेलं.

आता माझ्या दोन संध्याकाळी कशा वाया गेल्या ते सांगतो. एसएल ६४ ची माहिती शोधताना मला सापडलं की १२ फेब्रुवारी १९४१ ला अ‍ॅडमिरल हिपर नावाची जर्मन क्रूझर या कॉन्व्हॉयवर तुटून पडली आणि १९ पैकी ७ जहाजं बुडवली, सोबत संरक्षणाला एकही युद्धनौका नव्हती. मी खूश, म्हटलं यातूनच गैरसोप्पा भरकटलं असणार, झकास गोष्ट जुळली. सगळं लिहून काढलं. मग बघतो तर तो कॉन्व्हॉय एसएलएस ६४, शेवटचा एस म्हणजे स्लो. नंबर तोच, वेळ जवळपास तीच, बंदर तेच, पण ताफा वेगळा. एका अक्षराने सगळी गोष्ट फाडून टाकावी लागली. तेव्हापासून मी कॉन्व्हॉयचं नाव तीनदा तपासतो आणि गोष्ट फार छान जुळायला लागली की आधी संशय घेतो.

कॉन्व्हॉयचा आराखडा मिळाला तर फारच मजा. ताफा म्हटला की आपल्या डोळ्यासमोर उंटांची लांबच लांब रांग येते, तसं नव्हतं. कॉन्व्हॉय रुंद असायचा आणि खोलीला कमी, म्हणजे आठ-नऊ उभ्या रांगा शेजारी-शेजारी आणि प्रत्येकीत चार-पाचच जहाजं एकामागे एक. कारण पाणबुडीला टॉर्पेडो मारायला जहाजाची लांब बाजू हवी असते, मग बाजूने जेवढी कमी जहाजं दिसतील तेवढं बरं. प्रत्येक जहाजाला जागेचा नंबर, ५३ म्हटलं तर डावीकडून पाचवी रांग, त्यात तिसरं जहाज. त्रेपन्न नाही, पाच-तीन. तेल आणि दारूगोळ्याची जहाजं शक्यतो आतल्या रांगांत. आराखड्यात आपलं जहाज कडेच्या रांगेत की मधल्या हे बघितलं की बऱ्याच गोष्टी न सांगता कळतात, आणि शेजारच्या जहाजांची नावं मिळतात, त्यांच्या कॅप्टनांनी काय लिहून ठेवलंय ते नंतर कामाला येतं.

पण आपलं जहाज त्या दिवशी खरंच तिथे होतं का

हा प्रश्न विचाराच विचारा. एखाद्या यादीत जहाजाच्या पुढे कॉन्व्हॉयचा नंबर लिहिलाय म्हणजे टॉर्पेडो लागला तेव्हा आजूबाजूला ताफा होता असं अजिबात नाही. तीन-चार शब्द इंग्रजी कागदांत सारखे येतात ते ओळखून ठेवा. स्ट्रॅगलर म्हणजे मागे पडलेलं, इंजिन बिघडलं, कोळसा खराब निघाला, धुक्यात चुकलं. रॉम्पर म्हणजे उलट, ताफ्याच्या पुढे निघून गेलेलं. डिटॅच्ड म्हणजे परवानगीने वेगळं झालेलं. डिस्पर्स्ड म्हणजे अख्खा ताफाच ठरलेल्या जागी मोकळा सोडला, आता आपापल्या वाटेने जा. आणि स्कॅटर म्हणजे घाबरून पांगवलेला ताफा, जुलै १९४२ मध्ये पीक्यू १७ ला हाच हुकूम दिला होता आणि त्या कॉन्व्हॉयची २४ व्यापारी जहाजं गेली.

गैरसोप्पाचं काय झालं, हवा खूप खराब, समोरून वाऱ्याचा मारा, जहाज जड, आणि कोळसा संपत आलेला. ताफ्याच्या वेगाने ब्रिटनपर्यंत पोचणार नाही असा हिशोब निघाला म्हणून १४ फेब्रुवारीला ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवेकडे वळलं, तिथे कोळसा घ्यायचा बेत होता. म्हणजे ते एसएल ६४ मधलं जहाज आहे हे पण खरं आणि बुडालं तेव्हा एकटं होतं हे पण खरं. दोन्ही लिहायचं. १६ तारखेला सकाळी एक जर्मन विमान वरून घिरट्या घालून गेलं आणि रात्री यू-१०१ या जर्मन पाणबुडीने गाठलं.

असं एकटं बुडालेलं जहाज असेल तर संरक्षक युद्धनौकांच्या अहवालात तुम्हाला काहीही मिळणार नाही, कारण बघायला कोणी नव्हतंच. त्यांच्या अहवालात एवढंच, अमुक दिवशी अमुक जहाज वेगळं झालं. तिथे वेळ घालवू नका.

तारीख आणि जागा

गैरसोप्पाची तारीख कुठे १६ फेब्रुवारी दिसेल कुठे १७. कोण चुकलं? कोणीच नाही. जर्मन पाणबुड्या जगात कुठेही असल्या तरी घड्याळ जर्मनीच्या वेळेवर ठेवायच्या, आणि जर्मन नोंदीप्रमाणे टॉर्पेडो मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी लागला, म्हणजे १७. जहाजावरच्या माणसासाठी ती अजून १६ ची रात्रच होती. अटलांटिकमध्ये बहुतेक हल्ले रात्री व्हायचे त्यामुळे हा एक दिवसाचा फरक तुम्हाला सारखा भेटणार. मी दोन्ही तारखा लिहितो आणि पुढे घड्याळ कोणाचं ते लिहितो.

जागेचं पण तसंच. ५० अंश उत्तर, १४ अंश पश्चिम असं गोल गोल काही दिसलं, मिनिटांच्या जागी शून्य शून्य, तर समजायचं हा अंदाज आहे. ढगाळ हवेत सूर्य-तारे दिसले नाहीत की वेग आणि दिशा धरून पाटीवर हिशोब करायचा, वाऱ्याने आणि लाटेने किती बाजूला नेलं ते देवालाच माहीत. जर्मनांची तर वेगळीच पद्धत, त्यांनी सगळ्या समुद्राचे चौकोन पाडले होते, दोन अक्षरं आणि चार आकडे, सगळ्यात बारीक चौकोन साधारण सहा सागरी मैल बाजूचा. त्यांच्या रोजनिशीत अक्षांश-रेखांश नाही, चौकोनाचा नंबर सापडतो. तो बदलून घ्यायला तक्ते मिळतात. दोघांच्या जागा नकाशावर टाकल्या आणि पंधरावीस मैलांचं अंतर आलं तर मी म्हणेन छान जुळलं.

पाणबुडीची बाजू

पाणबुडीच्या रोजनिशीला जर्मनमध्ये क्रीग्सटागेबुख म्हणतात, सगळे केटीबीच म्हणतात. युद्ध संपताना जर्मन नौदलाचं हे अख्खं दप्तर दोस्तांच्या हाती लागलं, त्याची मायक्रोफिल्म अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये टी१०२२ या नावाने आहे आणि मूळ कागद नंतर जर्मनीला परत गेले, फ्रायबुर्गला असतात. भाषा तुटक, तारेसारखी, त्यामुळे जर्मन येत नसलं तरी डिक्शनरी घेऊन एक पान निघतं. काय वाचायचं, तर किती टॉर्पेडो सोडले, किती लागले, जहाजाच्या कुठल्या भागात लागला, किती वेळाने बुडालं. एवढंच. बढाया सोडून द्यायच्या.

कॅप्टनच्या नावात एक खड्डा आहे. यू-१०१ हीच पाणबुडी ऑक्टोबर १९४० मध्ये एससी ७ वरच्या हल्ल्यातही होती, ३५ जहाजांपैकी २० गेली तो भयंकर कॉन्व्हॉय, पण तेव्हा तिचा कॅप्टन फ्राउएनहाइम होता आणि गैरसोप्पाच्या वेळी मेंगरसन. पाणबुडी तीच म्हणून माणूस तोच धरू नका, तारखेप्रमाणे बघा.

हल्ला झाला की जहाजाचा वायरलेसवाला एस एस एस एस असा इशारा पाठवायचा, म्हणजे पाणबुडी. आर आर आर आर म्हणजे पाण्यावरची युद्धनौका, ए ए ए ए म्हणजे विमान. सोबत जहाजाचं नाव आणि जागा. हा इशारा पाणबुडीवालेही ऐकायचे आणि त्यातूनच त्यांना कळायचं की आपण कोणाला बुडवलंय. रोजनिशीत नाव बरोबर असेल तर ते बऱ्याचदा असं आलेलं असतं. गैरसोप्पाचा टॉर्पेडो लागल्यावर पुढची डोलकाठी पडली, तिच्याबरोबर वायरलेसची तार तुटली, इशारा गेलाच नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या रेडिओ नोंदींत शोधून उपयोग नाही, आणि कोणी शोधायलाही आलं नाही.

वाचलेल्यांचा जबाब

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हा. ब्रिटिश नौदलाच्या खात्यात एक विभाग होता, जहाज बुडून कोणी जिवंत परतलं की त्या अधिकाऱ्याला बसवून सगळं विचारून घ्यायचा आणि टाइप करून ठेवायचा. हे जबाब लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एडीएम १९९ या मालिकेत आहेत, २१३० ते २१४८ नंबरच्या फायली. एकेक जबाब दोन-तीन पानांचा. मालाचं काय, जहाजावर तोफ होती का, गुप्त कागद समुद्रात टाकले का, होड्या कशा उतरवल्या, असे ठरलेले प्रश्न, आणि त्यांच्या मधे मधे एखादं वाक्य असं येतं की आपण वाचता वाचता थांबतो.

गैरसोप्पाचा सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स हा एकटा वाचलेला. त्याची होडी १३ दिवस हिवाळ्यातल्या अटलांटिकमध्ये शिडावर चालत राहिली. थंडीने, तहानेने एकेक माणूस जात राहिला, मोजकेच उरले. १ मार्च १९४१ ला समोर कॉर्नवॉलचा लिझार्डचा किनारा दिसला, म्हणजे इंग्लंडचं अगदी दक्षिणेचं टोक, आणि खडकांजवळ फुटणाऱ्या लाटांत होडी उलटली. १३ दिवस काढून शेवटच्या शंभरेक हातांवर. किनाऱ्यावर त्या वेळी काही शाळकरी मुली होत्या, बॉम्बहल्ल्यांमुळे घरापासून लांब पाठवलेल्या, त्यांनी बघितलं आणि मदत बोलावली. आयर्सला ओढून काढलं, बाकीचे गेले. जे देह हाती लागले त्यांना तिथल्याच चर्चच्या आवारात पुरलं.

जबाब वाचताना एवढं डोक्यात ठेवा की एकाच माणसाने एकाच होडीतून पाहिलेलं आहे. दुसऱ्या होड्यांचं काय झालं ते त्याला अंधारात दिसलेलं नाही. "बाकीच्या होड्या पुन्हा दिसल्या नाहीत" असं असेल तर तेवढंच लिहा, त्यापुढे आपली कल्पना लावू नका. आणि एकही वाचला नसेल तर असा जबाबच नसतो, मग केटीबी आणि शेजारच्या जहाजांच्या नोंदी एवढ्यावरच भागवायचं.

माल, विमा, आणि समुद्राचा तळ

गैरसोप्पावर बिडाचे मोठे गोळे म्हणजे पिग आयर्न, चहा, इतर माल, आणि चांदीच्या विटा होत्या. मालाची माहिती हवी तर विम्याच्या बाजूने जा. लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराने युद्धात गेलेल्या जहाजांची नोंद ठेवली होती, त्यात चांदीची किंमत तेव्हाचे ६ लाख पाउंड दिलेली आहे. वर्तमानपत्रात शोधाल तर काही हाती लागणार नाही, युद्ध चालू असताना कुठलं जहाज कधी कुठे बुडालं हे छापायला बंदी असायची, बातमी आली तरी नाव-गाव-तारीख नसलेली.

युद्धाच्या विम्याखाली ब्रिटिश सरकारने भरपाई दिली की मालावर हक्क सरकारचा. त्यामुळेच पुढे सरकारने चांदी काढायचं कंत्राट दिलं आणि २०११ मध्ये ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या अमेरिकन कंपनीला सुमारे ४,७०० मीटर खोलीवर जहाज सापडलं, तळावर सरळ उभं. २०१२ आणि २०१३ मध्ये मिळून २,७९२ विटा वर आल्या, शंभर टनांहून जास्त चांदी. तुमचं जहाज असं सापडलेलं असेल तर त्याच्या जागेवरून जुन्या अंदाजांची परीक्षा घेता येते, पण खरी जागा बऱ्याचदा मुद्दाम जाहीर करत नाहीत, ते बरोबरही आहे.

चांदीपेक्षा मला दुसरीच गोष्ट भारी वाटते. जहाजात टपालाच्या थैल्या होत्या आणि चांदीबरोबर सातशेच्या वर पत्रं वर आली, सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी राहून वाचता येतील अशी. उजेड नाही, ऑक्सिजन जवळजवळ नाही, वर दाबून बसलेलं सामान, त्यामुळे कागद टिकला. हिंदुस्थानातून डिसेंबर १९४० मध्ये घरी लिहिलेली पत्रं, नाताळाच्या गप्पा, तब्येतीच्या चौकशा. २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियमने ती लोकांना दाखवली. टपाल हा पण एक माग आहे हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माणसांची नावं

हे शेवटी ठेवलंय कारण याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत, चांदी मिळाली की गोष्ट संपते त्यांची.

आधी मोजणी. जहाजावर खलाशी असतात, अधिकारी असतात, तोफ चालवणारे असतात, कधी प्रवासी. तोफवाले नौदलाचे किंवा लष्कराचे, त्यांची नोंद वेगळ्या खात्यात, स्मारक वेगळं. मेलेल्यांच्या आकड्यात दोनाचा फरक दिसला तर आधी तोफवाले मोजलेत का ते बघा.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा खलाशांची नावं लंडनला टॉवर हिल स्मारकावर आहेत, दुसऱ्या महायुद्धाची जवळजवळ २४,००० नावं. पण त्याच जहाजांवरच्या हिंदुस्थानी खलाशांची, ज्यांना लास्कर म्हणायचे, नावं तिथे नाहीत. ती मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिपुस्तकांत आहेत, दोन्हीकडे तीच यादी, व्यापारी नौदलाचे जवळजवळ ६,००० आणि रॉयल इंडियन नेव्हीचे ४००. म्हणजे एकाच जहाजावरून एकाच रात्री गेलेली माणसं दोन वेगळ्या खंडांत नोंदलेली, काही युरोपात, काही आशियात. टॉवर हिलची यादी काढून "सगळी नावं मिळाली" म्हणणारे खूप भेटतात. गैरसोप्पावर तर बहुसंख्य लास्करच होते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत जहाजाच्या नावाने शोधा, माणसाच्या नावाने नको, म्हणजे दोन्हीकडची नावं एकत्र निघतात. तिथे जहाजाच्या नावापुढे कंसात एखाद्या गावाचं नाव असतं, ते जहाजाच्या नोंदणीचं बंदर, माणसाचं गाव नव्हे, यावर पण लोकांनी भलते निष्कर्ष काढलेत. आणि मृत्यूची तारीख बऱ्याचदा सगळ्यांची एकच, जहाज बुडालं ती, मग होडीत दहा दिवस तग धरलेला माणूस का असेना.

खलाशांचे करारनामे आणि जहाजाच्या वह्या क्यूला बीटी ३८१ मध्ये, ऑफिशियल नंबरावर लावलेल्या, आणि जहाज कुठे कुठे फिरलं त्याची कार्डं बीटी ३८९ मध्ये. गोऱ्यांचा करार वेगळा आणि लास्करांचा वेगळा, एक मिळाला म्हणून फाइल बंद करू नका. पगारात तर जमीन-अस्मानाचा फरक होताच, त्यात ब्रिटिश खलाशाचा पगार जहाज बुडाल्या दिवशी थांबायचा असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, हे मे १९४१ मध्ये बदललं, म्हणजे गैरसोप्पानंतर तीन महिन्यांनी. होडीतल्या १३ दिवसांचा हिशोब आपणच करून बघा.

लास्करांच्या यादीत हुद्दे इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण आपलेच शब्द असतात आणि इथे आपल्याला त्या गोऱ्या संशोधकांपेक्षा सोपं जातं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टिंडेल. सुकाणी चाक धरणारा. आगवाला भट्टीत कोळसा टाकणारा, कोळसेवाला कोठारातून त्याच्यापर्यंत तो ओढून आणणारा, तेलवाला इंजिनाला तेल घालणारा, पाणीवाला, भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, टोपाझ झाडलोट करणारा. कमिशनच्या यादीत हेच इंग्रजी करून फायरमन, ट्रिमर असं लिहिलेलं असतं. हुद्दा कळला की त्या रात्री तो माणूस कुठे असू शकेल याचा अंदाज येतो, पाळीवरचा आगवाला आणि कोळसेवाला पाण्याच्या रेषेखाली, जिना चढून वर यायला मिनिटं लागणार, भंडारी मागे गॅलीत किंवा झोपलेला.

नावांचं मात्र अवघड आहे. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, अब्दुलची चार स्पेलिंगं, वडिलांचं नाव कधी आडनाव म्हणून, कधी गायब. एकाच जहाजावर एकाच नावाचे तीन जण सहज निघतात. त्यांना वेगळं करायला तीन गोष्टी बघायच्या, वय, हुद्दा आणि वडिलांचं नाव, आणि त्यातल्या दोन जुळल्याशिवाय दोन नोंदींतला माणूस एकच आहे असं म्हणायचं नाही. मी प्रत्येक नावाला वहीत एक पूर्ण ओळ देतो, कारकुनाचं स्पेलिंग जसंच्या तसं, त्याच्यापुढे देवनागरीत मला वाटलेला उच्चार पेन्सिलीने, कारण तो खोडावा लागतो.